रेडिएटरच्या पंख्यासाठी घरी बनवलेला कंट्रोलर: तो कसा चालतो आणि बिघडला तर काय होते

विजेवर चालणाऱ्या रेडिएटर पंख्याला प्रत्यक्षात फार थोडा वेळ काम असते. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने धावत असली की समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवायला पुरतो, आणि इंजिन नुकतेच सुरू झाले असेल तर त्याला थंडाव्याची नव्हे, लवकर तापण्याची गरज असते. पंखा लागतो तो गाडी उभी असताना, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना किंवा एसी सुरू असताना. कंट्रोलरपुढचा प्रश्न त्यामुळे एका ओळीत मावतो: कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, ठरावीक तापमानापलीकडे गेले की पंखा लावायचा आणि पुरेसे निवले की बंद करायचा. हा निर्णय घेणारे सर्किट मूठभर सुट्या भागांत उभे राहते. मात्र तेच सर्किट बिघडले, तर पंखा फिरत राहणार की थांबणार, या प्रश्नावर खरा विचार खर्च करावा लागतो, आणि घरी बनवलेले बरेच कंट्रोलर नेमके तिथेच उणे पडतात.

हा खटाटोप कोणत्या गाडीसाठी करावा, हे आधीच सांगितलेले बरे. नव्या गाड्यांत पंख्याचा निर्णय इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू घेतो; त्याच्या मध्ये स्वतःचे सर्किट घुसवले तर बिघाडाचा कोड नोंदवला जातो आणि हाती काही लागत नाही. ज्या जुन्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरत होता आणि त्याच्या जागी विजेचा पंखा बसवला आहे, किंवा ज्या गाडीत रेडिएटरवरचा साधा थर्मल स्विच हाच एकमेव मेंदू होता, तिथे घरचा कंट्रोलर शोभून दिसतो.

आधी तापमानाचे आकडे

कूलंटचे तापमान पंखा ठरवतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खालची मर्यादा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, ठरवतो आणि पंखा फक्त वरची मर्यादा राखतो. समजा थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागणारा आहे. तो पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. अशा इंजिनात पंखा ८० अंशांना बंद होईल असे ठरवले, तर तो कधीच बंद होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला त्या तापमानापर्यंत उतरूच देत नाही. म्हणून पंखा बंद होण्याचे तापमान थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा काही अंशांनी वर असले पाहिजे. ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटसाठी ९४-९५ अंशांना चालू आणि ८८ अंशांना बंद, ही जोडी व्यवहारात चांगली चालते.

९५ हा आकडा ऐकून काहींना धास्ती वाटते, पण ती अनाठायी आहे. रेडिएटरचे झाकण व्यवस्थेत दाब धरून ठेवते. वातावरणापेक्षा एक बार अधिक दाब असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळते, आणि ग्लायकॉल मिसळले असेल तर त्याहूनही वर. झाकणाचे रबर गेले असेल तर मात्र हे सगळे गणित कोसळते, आणि ते कोणताही कंट्रोलर सावरू शकत नाही.

तापमान कुठे मोजायचे, हा पुढचा मुद्दा. इंजिनातून पाणी बाहेर पडते त्या ठिकाणी, थर्मोस्टॅटच्या घराजवळ, सेन्सर बसवणे सर्वांत चांगले, कारण तिथे इंजिनाची खरी अवस्था कळते. रेडिएटरच्या खालच्या टाकीत तो बसवला तर तिथले पाणी आधीच निवलेले असते, त्यामुळे आकडेही त्या मानाने खाली आणावे लागतात. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये खोचायचे सेन्सरही मिळतात. मी ते टाळीन, कारण ते पाण्याचे कमी आणि वाऱ्याचे तापमान जास्त मोजतात. आणखी एक मोह आवरायला हवा: ईसीयूसाठी आधीच बसवलेल्या सेन्सरच्या वायरला आपली वायर जोडण्याचा. तो सेन्सर म्हणजे ईसीयूच्या आतल्या रेझिस्टरबरोबर बेतलेली जोडी असते. आपण त्यात आणखी एक रेझिस्टर जोडला की दोघांनाही चुकीचे तापमान दिसते आणि ईसीयू त्या चुकीच्या आकड्यावर इंधनाचे प्रमाण ठरवू लागतो. स्वतंत्र सेन्सर बसवणे हाच स्वच्छ मार्ग आहे.

थर्मिस्टर, दोन रेझिस्टर आणि पाव व्होल्ट

सेन्सर म्हणून एनटीसी थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. सर्रास मिळणारा थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहमचा असतो आणि त्याचा बीटा नावाचा गुणांक ३९५० असतो. त्यावरून हिशेब केला तर सुमारे ८८ अंशांना त्याचा रोध १००० ओहम आणि सुमारे ९४ अंशांना ८२० ओहम येतो. हे दोन्ही आकडे बाजारात मिळणाऱ्या रेझिस्टरच्या ठरीव मालिकेत आहेत, आणि हा योगायोग पुढे चाचणीच्या वेळी फार कामाला येतो.

रोध थेट वाचता येत नाही, म्हणून त्याचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करतात. ५ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यापासून एक रेझिस्टर सेन्सरपर्यंत आणायचा, सेन्सरचे दुसरे टोक अर्थला, म्हणजे बॅटरीच्या उणे बाजूला, जोडायचे आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज पाहायचे. हा वरचा रेझिस्टर किती घ्यावा? सेन्सर १० किलोओहमचा म्हणून वरही १० किलोओहम घेण्याची चूक बऱ्याच जणांकडून होते. तसे केल्यास ८८ आणि ९४ अंशांच्या वाचनात जेमतेम ०.०७५ व्होल्टचा फरक पडतो. वरचा रेझिस्टर १ किलोओहमचा घेतला, म्हणजे ज्या तापमानाशी आपल्याला कर्तव्य आहे तिथल्या सेन्सरच्या रोधाइतकाच घेतला, तर ८८ अंशांना २.५० व्होल्ट आणि ९४ अंशांना २.२५ व्होल्ट मिळतात. फरक पाव व्होल्टचा झाला, म्हणजे तिपटीहून अधिक. इंजिन थंड असतानाची अचूकता यात कमी होते, पण तिथे आपल्याला काही ठरवायचेच नसते.

आता कॉम्परेटर. एलएम ३९३ हा छोटा आणि स्वस्त चिप दोन व्होल्टेजची तुलना करून कोणते मोठे आहे एवढेच सांगतो. सेन्सरचे व्होल्टेज त्याच्या उणे पायाला आणि प्रीसेटवरून (स्क्रूने फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरवरून) घेतलेले संदर्भ-व्होल्टेज अधिक पायाला दिले, तर पाणी तापून सेन्सरचे व्होल्टेज संदर्भाच्या खाली गेल्याबरोबर आउटपुट वर जाते. एवढ्यावरच थांबलो, तर सीमारेषेवर तापमान किंचित वरखाली होताच पंखा सेकंदाला अनेकदा चालू-बंद होईल, रिले (कॉइलमधल्या थोड्या प्रवाहाने पंख्याचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच) कडकडत राहील आणि त्याचे संपर्क जळून जातील. म्हणून चालू आणि बंद यांत मुद्दाम अंतर ठेवावे लागते. त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. दार उघडायला जोर लागतो, पण उघडल्यावर ते आपण होऊन मिटत नाही, तसेच हे आहे.

हे अंतर एका रेझिस्टरने मिळते. आउटपुटपासून अधिक पायाकडे ४७ किलोओहमचा रेझिस्टर परत आणायचा. पंखा चालू झाला, म्हणजे आउटपुट वर गेले, की हा रेझिस्टर संदर्भ-व्होल्टेजलाही थोडे वर ओढतो. परिणामी पंखा बंद व्हायला सेन्सरचे व्होल्टेज पहिल्यापेक्षा अधिक वर चढावे लागते. १० किलोओहमचा प्रीसेट मधोमध असताना त्याचा आभासी रोध २.५ किलोओहमचा असतो, आणि ५ व्होल्टचा त्यामुळे होणारा वाटा २.५ भागिले ४९.५ (४७ अधिक २.५) इतका, म्हणजे पाव व्होल्टच्या आसपास येतो. आपल्याला हवे असलेले सहा-साडेसहा अंश ते हेच.

इथे एक खाचखळगा आहे. एलएम ३९३ चे आउटपुट स्वतःहून वर जात नाही. ते फक्त खाली ओढू शकते, म्हणून ५ व्होल्टपासून त्याला सुमारे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा लागतो. त्या आउटपुटला थेट साध्या ट्रान्झिस्टरचा बेस जोडला, तर आउटपुट ०.७ व्होल्टजवळच दबून राहते आणि वर मोजूनमापून मिळवलेला पाव व्होल्ट जवळजवळ नाहीसा होतो. कागदावर सर्किट बरोबर असते, गाडीत मात्र रिले थरथरतो. रिलेच्या कॉइलला साधारण १५० मिलिअँपिअर लागतात. ते ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडणाऱ्या लॉजिक-लेव्हल मॉस्फेटकडून (गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरकडून) घ्यावेत, कारण त्याचे गेट आउटपुटमधून स्थिर प्रवाह ओढत नाही. कॉइलला उलटा डायोड, उदाहरणार्थ १एन ४००७, लावणे विसरू नये. रिले सुटताना कॉइलमधून निघणारा व्होल्टेजचा झटका मॉस्फेटला मारू शकतो.

वायर तुटली तर

आता मूळ शंकेकडे येऊ. वरच्या सर्किटमध्ये सेन्सरची वायर तुटली किंवा त्याचा कनेक्टर निसटला, तर मधल्या बिंदूवर पूर्ण ५ व्होल्ट येतात. कॉम्परेटरच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: इंजिन अगदी थंडगार आहे. मग पंखा कधीच लागणार नाही, आणि चालकाला ते कळेल ते तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर. सेन्सरची वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली, तर उलट पंखा सतत फिरत राहील. ते आवाजाने लगेच लक्षात येते आणि त्यात इंजिनाचे नुकसान नाही. पण व्यवहारात वायर शॉर्ट होण्यापेक्षा तुटणे, सैल होणे किंवा गंजणे हेच अधिक घडते. म्हणजे या साध्या सर्किटचा सर्वांत संभाव्य बिघाड हाच सर्वांत घातक आहे.

यावरचा माझ्या मते उत्तम उपाय इलेक्ट्रॉनिक नाहीच. रिलेच्या कॉइलचे जे टोक मॉस्फेट अर्थला जोडतो, त्याच टोकाला दोन वायर आणखी आणायच्या: एक रेडिएटरवरच्या साध्या द्विधातू थर्मल स्विचमधून, जो कंट्रोलरच्या आकड्याहून थोड्या वरच्या तापमानाला जोडला जातो, आणि दुसरी डॅशबोर्डवरच्या हाताने दाबायच्या स्विचमधून. तिघांपैकी कोणीही अर्थ दिला की पंखा लागतो. कंट्रोलर पूर्ण मेला तरी थर्मल स्विच जागा असतो, आणि दोघेही रुसले तरी चालकाचे बोट असते. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना पंखा लागलाच पाहिजे, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो. तो संकेतही याच टोकाला आणता येतो, फक्त तो सहसा १२ व्होल्टचा असल्यामुळे त्याच्यासाठी एक छोटा रिले किंवा ट्रान्झिस्टर मध्ये लागतो.

दुसरा एक मार्ग पाच पिनांच्या रिलेचा आहे. अशा रिलेत ८७ए ही पिन कॉइल निद्रिस्त असताना जोडलेली असते. पंखा त्या पिनेवर घेऊन कॉइलला वीज दिल्यावर पंखा थांबेल अशी उलटी रचना केली, तर कंट्रोलरचा पुरवठा गेला की पंखा आपोआप सुरू होतो. कल्पना सुंदर आहे, पण इग्निशन बंद केल्यावरही पंखा फिरत राहू नये म्हणून त्याच्या पुरवठ्यात आणखी एक रिले घालावा लागतो, आणि ८७ए च्या संपर्काची क्षमता अनेक रिलेंमध्ये ८७ या नेहमीच्या पिनेपेक्षा कमी असते. मला थर्मल स्विचची जोड जास्त पटते.

तीस अँपिअरची बाजू

छोट्या गाडीचा पंखा ८ ते १५ अँपिअर घेतो, मोठा २० ते ३०. शिवाय उभी मोटर फिरू लागते त्या क्षणी प्रवाह काही पटींनी उसळतो. म्हणून रिले ४० अँपिअरचा असावा. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूज पंख्याला नव्हे, वायरला वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या आधीचा वायरचा जो तुकडा बॉडीला घासेल, त्याला वाचवणारे कोणीही नाही.

वायरची जाडी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. तांब्याचा रोध एक चौरस मिलिमीटर जाडीला मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम धरतात. जाऊन-येऊन चार मीटर वायर आणि २० अँपिअर प्रवाह धरला, तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.९३ व्होल्ट वाया जातात, म्हणजे जवळपास १९ वॅटची उष्णता वायरीतच निर्माण होते. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट ०.३५ व्होल्टवर येते. बॉडीचा अर्थही या हिशेबात धरावा; रंगावर कसलेला स्क्रू हा अर्थ नव्हे. नियंत्रण सर्किटचा अर्थ पंख्याच्या अर्थबरोबर एकाच लगवर न घेता सेन्सरच्या अर्थबरोबर इंजिनावर घ्यावा. नाहीतर पंखा लागताच अर्थच्या वायरीत पडणारे दशांश-दोन दशांश व्होल्ट सेन्सरच्या वाचनात मिसळतात, आणि आपला सारा हिस्टेरिसिस मुळात पाव व्होल्टचाच आहे.

गाडीचा पुरवठा १२ व्होल्टचा म्हणतात, तो नावापुरता. इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास असतो, स्टार्टर फिरताना सहा-सातपर्यंत घसरतो, आणि अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचे टोक निसटले तर क्षणभर अनेक दहा व्होल्टचा लोंढा येतो. त्याला लोड डंप म्हणतात. ५ व्होल्ट देणारा ७८०५ हा रेग्युलेटर ३५ व्होल्टपर्यंतच तग धरतो. म्हणून त्याच्या आधी उलट्या बॅटरीपासून वाचवणारा डायोड, ४७ ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर आणि त्यानंतर अर्थकडे २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा लोंढा अर्थकडे वळवणारा) लावावा. नियंत्रण सर्किट मोजके मिलिअँपिअरच घेत असल्यामुळे एरवी या रेझिस्टरवर व्होल्टभरही वाया जात नाही.

वेग बदलायचा असेल तर

रिले पंख्याला पूर्ण वेगाने तरी फिरवतो किंवा थांबवतो. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप) आणि पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून तिची सरासरी बदलण्याची पद्धत, वापरून वेग हळूहळू वाढवता येतो, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र मोहात पाडणारे आहे: हवेचा झोत वेगाच्या प्रमाणात घटतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. निम्म्या वेगाला निम्मी हवा मिळते आणि शक्ती मात्र एक-अष्टमांशाच्या आसपास लागते. शिवाय सुरुवातीचा प्रवाहाचा उसळा टळतो आणि हेडलाइट क्षणभर मंद होत नाहीत.

किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागते. आयआरएलझेड ४४एन सारख्या मॉस्फेटचा रोध सुमारे २२ मिलिओहम असतो. २० अँपिअरला त्यात जवळपास ९ वॅट उष्णता होते, ती इंजिनाच्या कप्प्यात, जिथे हवाच साठ-सत्तर अंशांची असू शकते. दोन मॉस्फेट समांतर लावले तर एकूण उष्णता निम्मी होते, पण हीटसिंक सुटत नाही. मोटर ही कॉइलच असल्यामुळे वीज प्रत्येक वेळी खंडित होताना तिचा प्रवाह वळवायला जाड शॉटकी डायोड लागतो, आणि तोही तापतो. वारंवारता काही शे हर्ट्झ ठेवली तर पंखा गुणगुणतो. ती २० किलोहर्ट्झवर नेली तर आवाज कानांच्या पलीकडे जातो, पण मग गेट झपाट्याने भरणारा स्वतंत्र ड्रायव्हर हवा.

मायक्रोकंट्रोलरचा एक निर्विवाद फायदा आहे: त्याला तुटलेली वायर ओळखता येते. दहा बिटांच्या वाचनात (० ते १०२३) आकडा १०१५ च्या वर गेला, तर ते उणे वीस अंशांच्याही खालचे तापमान झाले. तशा थंडीत गाडी वापरायची नसेल, तर सेन्सर तुटला असे समजून पंखा पूर्ण वेगाने लावावा. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणारा भाग) चालू ठेवावा आणि चिप गोठल्यास आउटपुट कोणत्या बाजूला पडेल, ते गेटच्या रेझिस्टरने ठरवून द्यावे. तरीही पहिल्या प्रयोगासाठी मी रिले आणि कॉम्परेटरच निवडीन.

चाचणीची सुरुवात टेबलावर करावी. पंख्याच्या जागी गाडीचा २१ वॅटचा बल्ब आणि सेन्सरच्या जागी साधे रेझिस्टर लावावेत. ६८० ओहम लावला की बल्ब पेटला पाहिजे, कारण ते जवळपास १०१ अंश झाले. तो काढल्यावर, म्हणजे उघड्या टोकांवर, बल्ब विझेल. म्हणून ६८० हाताने न काढता दोन मार्गी स्विचने त्याच्या जागी ९१० ओहम आणावा. बदलाच्या क्षणी दोन्ही टोके सुटू नयेत, यासाठी संपर्क तुटण्याआधी दुसरा जोडणारा स्विच घ्यावा. ९१० वर बल्ब पेटलेलाच राहिला पाहिजे. मग १२०० ओहम लावला की तो विझावा, आणि या वेळी १२०० आधी काढून मग पुन्हा ९१० लावला तरी विझलेलाच राहावा. हे चारही टप्पे पार पडले की हिस्टेरिसिस खरोखर काम करतो आहे. त्यानंतर सेन्सर गरम पाण्यात थर्मामीटरशेजारी धरून आकडे पडताळावेत.

गाडीत बसवल्यावर पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी त्याचा फ्यूज काढून ठेवावा. तापलेले इंजिन बंद केल्यावरही काही जोडण्यांत पंखा अचानक फिरू शकतो. सगळे कसून झाले की गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू ठेवावे, पंखा एकदा लागून बंद होऊ द्यावा आणि मग सेन्सरचा कनेक्टर हाताने उपटावा. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून वाट पाहावी. थर्मल स्विचच्या आकड्याला पंखा आपोआप लागला, तर कनेक्टर परत बसवावा आणि बॉनेट लावून घ्यावे. लागला नाही, तर डॅशबोर्डवरचा स्विच दाबून इंजिन निवू द्यावे आणि थर्मल स्विचची वायर पुन्हा तपासायला घ्यावी.